लाल दोरा

राखीव पॅराशूट ज्या कप्प्यात बंद असतं, त्याच्या खिळीवर एक बारीक लाल दोरा गुंडाळलेला असतो. दोऱ्याच्या टोकाला शिशाची छोटीशी मोहोर ठोकलेली असते. दोरा इतका कच्चा, की मूठ ओढताना तुटल्याचं हाताला कळतही नाही. काही अडवून धरणं हे त्याचं काम नाहीच. ज्या माणसाने हे पॅराशूट शेवटचं उघडलं, तपासलं आणि घडी घालून बंद केलं, त्याच्यानंतर या कप्प्याला कोणाचा हात लागलेला नाही, एवढीच ग्वाही तो देतो. मोहरेवर त्या माणसाची खूण असते. शेजारच्या खिशात एक कार्ड असतं, त्यावर तारीख आणि सही. अमेरिकेत ही तारीख १८० दिवसांपेक्षा जुनी झाली की ते पॅराशूट पाठीवर घेऊन उडी मारता येत नाही. मधल्या काळात ते एकदाही वापरलेलं नसलं तरी.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘भरवसा’ हा विषय सांगितला आणि माझ्या डोळ्यांसमोर हा दोरा आला. स्कायडायव्हिंगवर लिहिणारे बहुतेक जण धाडसावर लिहितात. मला वाटतं, त्यात मुख्य गोष्ट निसटते. उडी मारणारा माणूस विमानाच्या दारात उभा राहतो, तोवर त्याच्या जिवाबद्दलचे बहुतेक निर्णय घेऊन झालेले असतात. पॅराशूट किती मोठं घ्यायचं, कोणत्या वाऱ्याला उडी रद्द करायची, किती उंचीवर प्रयत्न सोडून राखीव मूठ ओढायची, हे सगळं जमिनीवर, शांत डोक्याने ठरतं. वर गेल्यावर ते फक्त पाळायचं असतं.

हे नीट पाळलं तर काय होतं, ते आकड्यांत दिसतं. १९७० च्या दशकात अमेरिकेत दर वर्षी सरासरी ४२ हून अधिक माणसं या खेळात मरत. २०२४ साली तिथे सुमारे ३८ लाख ८० हजार उड्या झाल्या आणि ९ जण दगावले. आकाश तेच आहे आणि माणसाचं शरीरही तेच. बदलली आहेत साधनं आणि ती निवडायची शिस्त.

उंद्रीच्या बांधावरून

उंद्री हे बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यातलं, घाटावरचं गाव. इथे धावपट्टी नाही, उड्यांचा तळ नाही. सोयाबीन, कपाशी, तूर, हरभरा यांचं हे शिवार. मी इथे गेले ती पॅराशूट रेजिमेंटमध्ये नोकरी करून गावी परतलेल्या एका फौजींना भेटायला. लग्नसराईचे दिवस होते, शेतं रिकामी होती आणि काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या.

मी त्यांना साधनांच्या निवडीबद्दल विचारलं. ते म्हणाले, ‘‘ताई, आमाले निवड कुठली? जे देल्लं ते पाठीवर घ्याचं.’’ फौजेतली पहिली उडी स्टॅटिक लाइनवरची असते. पॅराशूटचा पट्टा विमानातल्या तारेला अडकवलेला असतो, सैनिक दारातून बाहेर पडला की तोच पट्टा छत्री उघडतो. उंची साधारण साडेबाराशे फूट. मुख्य छत्री गोल, पाठीवर; राखीव छातीवर. आग्र्याच्या शाळेत अशा पाच उड्या झाल्या, त्यांतली एक रात्रीची, की छातीवर पंख लागतात. या उंचीवर विचार करायला वेळच नसतो, म्हणून विचार आधीच दुसऱ्या कोणीतरी करून ठेवलेला असतो. सैनिकाच्या वाट्याला येते ती तपासणी. विमानात उठून पट्टा अडकवला की प्रत्येक जण पुढच्याची पाठ तपासतो. स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही. ती मागच्याच्या डोळ्यांवर सोपवायची. ही सवय अजून जात नाही, असं ते म्हणाले.

पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या भरतीच्या पोरांना त्यांनी टांगाईलची हकिकत सांगितलेली आहे. ११ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी आजच्या बांगलादेशात टांगाईलजवळ आकाशातून उतरलेली २ पॅरा ही पलटण मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची. तेव्हाही कुठे उतरायचं, वारा कसा, खाली पाणी किती, हे उतरणाऱ्यांनी ठरवलेलं नव्हतं. खेळासाठी उडी मारणाऱ्याला मात्र हे सगळं स्वतः ठरवावं लागतं, आणि माझ्या मते खेळातला खरा धोका तिथे आहे.

मग आम्ही बांधावर गेलो. इथे उतरायचं झालं तर काय बघाल, असं मी विचारलं आणि ओळखीचं शिवार मला वेगळंच दिसू लागलं. पहिल्यांदा त्यांनी विजेच्या तारा दाखवल्या. वरून तारा दिसत नाहीत, खांब दिसतात; म्हणून दोन खांब दिसले की मध्ये तार आहेच असं धरायचं. मग विहिरी. आपल्याकडच्या कित्येक विहिरींना कठडा नसतो आणि उन्हाळ्यात त्यांचं तोंड काळ्या मातीत मिसळून जातं. मग उपटायच्या राहिलेल्या पऱ्हाट्या, बांधावरच्या बाभळी, भेगा. पाय भेगेत गेला तर घोटा गेला, म्हणून दोन्ही पाय जुळवून, गुडघे किंचित वाकवून, कुशीवर लोळत उतरायचं. खेळातलं चौकोनी पॅराशूट असो की फौजेतलं गोल, हे लोळणं दोघांना सारखंच शिकवतात.

आम्ही उभे असतानाच पलीकडच्या शेतात वावटळ उठली. पाचोळा आणि धूळ गरगरत वर गेली आणि बांधाशी येऊन विरली. आपल्याला लहानपणापासून या दृश्याची सवय असते. छत्रीखाली लटकलेल्या माणसासाठी मात्र ती जीवघेणी गोष्ट आहे. कापडाच्या पंखात हवा भरलेली असते म्हणूनच तो पंख असतो. वावटळीच्या कडेला ती हवा एका बाजूने निघून जाते आणि पंख कोसळतो. ॲरिझोनासारख्या कोरड्या, तापलेल्या प्रदेशातल्या तळांवर अशा वावटळींची धास्ती असते. विदर्भात मार्च ते मे या काळात दुपारी उड्या कोणी ठेवू नयेत, हे त्या बांधावर मला पटलं. सकाळी लवकर, जमीन तापायच्या आत. अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेने एकट्याने उडी मारणाऱ्या विद्यार्थ्यासाठी जमिनीवरच्या वाऱ्याची मर्यादा ताशी १४ मैल, म्हणजे सुमारे साडेबावीस किलोमीटर ठेवली आहे. आपल्याकडे आषाढातला वारा ही मर्यादा सहज ओलांडतो.

छत्री केवढी घ्यायची

खेळातलं आजचं पॅराशूट ही छत्री उरलेली नाही, तो पंख आहे. कापडाचे दोन थर, मध्ये कप्पे, पुढून तोंडं उघडी. वारा तोंडातून आत शिरतो आणि कप्पे फुगून ताठ होतात. डोमिना जॅल्बर्ट यांनी १९६० च्या दशकात या रचनेचं पेटंट घेतलं. गोल छत्री वाऱ्याबरोबर वाहत जाते. हा पंख पुढे उडतो, वळतो, आणि उतरताना दोन्ही हातांतल्या दोऱ्या खाली ओढल्या की वेग मारून हलकेच पाय टेकवतो.

कोणता पंख घ्यायचा हे एका साध्या भागाकारावर ठरतं. साधनांसह तुमचं वजन पौंडात, भागिले पंखाचं क्षेत्रफळ चौरस फुटांत. याला विंग लोडिंग म्हणतात. सत्तर किलोचा तरुण अकरा किलोचं साहित्य घेऊन निघाला तर १७८ पौंड झाले. १९० चौरस फुटांच्या पंखाखाली हा आकडा ०.९४ येतो, पंख समंजस असतो, चुका पोटात घालतो. तोच तरुण १३५ चा पंख घेऊन निघाला तर आकडा १.३२ होतो. आता पंख वेगाने उडतो, जरा दोरी ओढली की झपकन वळतो आणि वळताना नाक खाली घालून उंची खातो. नवशिक्याने एकच्या वर जाऊ नये, हा सगळीकडचा शिरस्ता. प्रशिक्षक ब्रायन जर्मेन यांनी एक हिशेब मांडला आहे: एकपासून सुरुवात करा आणि दर शंभर उड्यांमागे जास्तीत जास्त ०.१ वाढवा. तो कायदा नाही, पण उतावळ्या माणसाला तेवढा आरसा पुरतो.

इथे एक बारकावा आहे आणि तो आपल्याकडच्या मुलींसाठी फार महत्त्वाचा आहे. पन्नास किलोची मुलगी दहा किलोचं साहित्य घेऊन १३५ च्या पंखाखाली गेली तर भागाकार ०.९८ येतो. कागदावर सगळं ठीक. पण लहान पंखाच्या दोऱ्याही आखूड असतात आणि आखूड दोऱ्यांवरचा लंबक लवकर झुलतो. तोच आकडा असूनही लहान पंख मोठ्यापेक्षा चपळ आणि तापट असतो. म्हणून हलक्या माणसाने एकच्या बऱ्याच खाली राहावं. ‘तुझं वजन कमी, तुला लहान चालेल’ हा सल्ला अर्धाच खरा आहे आणि म्हणूनच तो धोक्याचा आहे.

हे मी इतकं ताणून लिहिते आहे, कारण आज या खेळातल्या मृत्यूंचं चित्र लोकांच्या कल्पनेपेक्षा वेगळं आहे. पॅराशूट उघडलंच नाही म्हणून माणूस गेला, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात पूर्ण उघडलेल्या, धडधाकट पंखाखाली जाणाऱ्यांचा वाटा मोठा आहे. जमिनीलगत आल्यावर समोर तार किंवा झाड दिसतं, किंवा वारा पाठून येतोय हे उशिरा कळतं. माणूस घाबरून एका हाताची दोरी खोल ओढतो, पंख वळता वळता सूर मारतो आणि सावरायला उंची उरत नाही. पंख मोठा असता तर तीच चूक घोट्यावर निभावली असती. दोन्ही दोऱ्या अर्ध्या ओढून सपाट वळण घ्यायला आधीच शिकलेला असता, तर तेवढंही झालं नसतं.

या खेळातली कितीतरी साधनं ज्यांच्या डोक्यातून आली, त्या बिल बूथ यांनी म्हणून ठेवलं आहे की साधनं जितकी सुरक्षित होतील तितका माणूस जास्त धोका पत्करेल, आणि मरणाऱ्यांचा हिशेब जिथल्या तिथे राहील. मृत्यूंचे आकडे उतरले, म्हणून बूथ पूर्ण बरोबर ठरले नाहीत. पण लहान पंखांच्या हौशीपुरते ते आजही बरोबर आहेत.

दोन मुठी

छातीच्या उजवीकडे मऊ, बहुधा लाल रंगाची एक मूठ असते. ती ओढली की मुख्य पॅराशूट अंगापासून सुटतं. डावीकडे दुसरी मूठ. ती राखीव उघडते. आधी उजवी, मग डावी. हात लावण्याआधी मुठीकडे बघायचं, हेही शिकवलेलं असतं. विद्यार्थी हे जमिनीवर टांगलेल्या पट्ट्यांत अडकून पुन्हा पुन्हा करतात. एका तळावर मी बघत होते तेव्हा शिकवणारी बाई मुलांच्या तोंडासमोर बिघडलेल्या पॅराशूटचे फोटो धरत होती आणि मुलांनी विचार न करता हात हलवायचे होते. दोऱ्यांना पीळ पडलाय, पंखावरून दोरी गेलीय, पिशवीतून पंख बाहेरच आलेला नाही, पंख ओढून बाहेर काढणारं छोटं पायलट शूट नुसतंच मागे फरफटतंय.

मुख्य पॅराशूट क्षणात सुटावं यासाठी खांद्यावर एकात एक अडकवलेल्या तीन कड्या असतात. मोठ्या कडीवरचा सगळा भार मधलीतून लहानीवर येईपर्यंत इतका घटतो, की शेवटी तो एका कापडी फाशावर आणि त्यातून गेलेल्या पातळ तारेवर पेलला जातो. तार ओढली की सगळं सुटतं. हीही बूथ यांचीच, १९७० च्या दशकातली युक्ती. आज बहुतेक संचांत मुख्य पॅराशूट सुटताना तेच राखीवही ओढून उघडेल असा एक पट्टा असतो. नवशिक्याने तो कोणाच्याही सांगण्यावरून काढून टाकू नये.

पण मूठ कितीही चांगली असली तरी ती कधी ओढायची हे माणसाने ठरवायचं असतं. त्यासाठी निर्णयाची उंची नेमलेली आहे. विद्यार्थ्याला आणि पहिल्या परवान्याच्या माणसाला २,५०० फूट. पुढच्या परवानेधारकांना १,८०० फूट. त्या उंचीवर पंख वापरण्याजोगा नसेल तर तो सोडायचा, आणखी एक झटका देऊन बघायचा नाही. मोकळ्या पडण्याचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर असतो. २,५०० फूट संपायला चौदा सेकंद लागतात, १,८०० ला दहा. वर मात्र वेळ लांबल्यासारखा वाटतो, असं उडी मारणारे एकमुखाने सांगतात. म्हणून मनगटावर उंची दाखवणारं यंत्र आणि हेल्मेटमध्ये कानाशी किंचाळणारं दुसरं. मनाच्या घड्याळावर भरवसा ठेवायचा नाही.

आणि माणूस बेशुद्ध पडला किंवा भांबावला तर? त्यासाठी एएडी नावाची डबी असते. जर्मनीच्या हेल्मुट क्लोथ यांनी मित्राच्या मृत्यूनंतर या कामाला वाहून घेतलं आणि १९९१ मध्ये त्यांचं ‘सायप्रस’ बाजारात आलं. राखीव कप्पा ज्या फाशाने बंद असतो, तो फास ही डबी आतल्या आत कापते. अनुभवी माणसासाठीची डबी साडेसातशे फुटांवर, वेग सेकंदाला ३५ मीटरच्या वर असेल तरच चालते. त्या वेगाने तिथून जमीन साडेसहा सेकंदांवर असते.

ही डबी हवेच्या दाबावरून उंची ओळखते आणि जमीन कुठे आहे हे तिला चालू करताना कळतं. उंद्रीच्याच बुलढाणा जिल्ह्याचं उदाहरण घ्या. घाटाखालचं खामगाव आणि घाटावरचं बुलढाणा यांच्या उंचीत हजार फुटांच्या आसपास फरक आहे. कोणी खामगावात डबी चालू केली, गाडीने घाट चढला आणि ती तशीच ठेवून बुलढाण्यावर उडी मारली, तर डबीच्या हिशेबातले साडेसातशे फूट बुलढाण्याच्या जमिनीखाली येतात. ती चालणारच नाही. जिथून उडायचं तिथे पोचल्यावर ती बंद करून पुन्हा चालू करायची, एवढंच काम. सगळा जीव अशा एवढ्याशा कामांवर तोललेला असतो.

नऊवारी, आणि पातळ हवा

मराठी माणसाच्या ओठांवर या खेळातलं एक नाव असतं, पुण्याच्या शीतल महाजन यांचं. १८ एप्रिल २००४ रोजी त्यांनी उत्तर ध्रुवावर एमआय-८ हेलिकॉप्टरमधून २,४०० फुटांवरून उडी मारली. तापमान शून्याखाली ३७ अंश. आणि ती त्यांच्या आयुष्यातली पहिलीच उडी होती. १५ डिसेंबर २००६ ला त्यांनी अंटार्क्टिकावर ११,६०० फुटांवरून उडी मारली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या जिद्दीबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही भरतीच्या वयाच्या मुलामुलींना मी सांगेन की ती पहिली उडी नमुना म्हणून घेऊ नका. विद्यार्थ्याने बिघडलेला पंख ज्या उंचीवर सोडायचा असं आज शिकवतात, त्या उंचीच्याही खालून ती उडी सुरू झाली होती. शीतल यांच्याकडून शिकायचं ते पुढच्या वर्षांमधलं: शेकडो उड्या, प्रशिक्षण, तयारी.

१२ फेब्रुवारी २०१८ ला त्यांनी थायलंडमध्ये पट्टाया इथे सुमारे १३,००० फुटांवरून नऊवारी नेसून उडी मारली. साडी सव्वाआठ मीटरची. तिच्यावरून पॅराशूटचे पट्टे, संपर्काची उपकरणं, हेल्मेट, गॉगल, बूट. वर्तमानपत्रांनी कौतुक केलं ते योग्यच. मी ते छायाचित्र वेगळ्या नजरेने बघत बसले. ताशी १९० किलोमीटरच्या वाऱ्यात पदराचं एक टोक सुटलं तर ते कुठे जाईल? दोन मुठींवर येऊन त्या झाकेल, किंवा फेकलेल्या पायलट शूटला गुंडाळेल. पॅराशूटचा कोणताही भाग अंगाच्या कपड्यात अडकणं हा सगळ्यात वाईट बिघाडांपैकी एक. कारण मुख्य सुटत नाही आणि राखीव उघडलं तर त्यातच गुंतायची भीती. म्हणजे त्या दिवशी धाडस जितकं दारात होतं, तितकंच पिना लावण्यात होतं. आणखी एक लक्षात येतं. पॅराशूटचे पट्टे दोन्ही मांड्यांभोवती घट्ट बसावे लागतात. सहावारीत ते जमणं नाही. काष्ट्याच्या नऊवारीत जमतं. आपल्या पणज्या या वस्त्रात शेतात राबत आणि घोड्यावर बसत, ते उगीच नव्हे.

१३ नोव्हेंबर २०२३, लक्ष्मीपूजनाचा दुसरा दिवस. शीतल यांनी एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवर हेलिकॉप्टरमधून उडी टाकली आणि १७,४४४ फुटांवरच्या काला पत्थरला उतरल्या. इथे साधनांचा प्रश्न पार बदलतो. काला पत्थरच्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ५८ टक्के असते. तोच माणूस, तोच पंख, पण उतरण्याचा वेग जवळजवळ तीस टक्क्यांनी वाढतो. वेग खालच्याइतकाच ठेवायचा तर पावणेदोन पट क्षेत्रफळ हवं. २००८ मध्ये पहिल्यांदा एव्हरेस्ट परिसरात उड्या झाल्या तेव्हाही नेहमीपेक्षा कितीतरी मोठे पंख नेले होते. त्यात प्राणवायूची सोय, थंडीने बधिर झालेल्या बोटांनाही ओढता येतील अशा मुठी, जाड हातमोजे घालूनच केलेला सराव. हातमोजे नसताना सापडणारी मूठ हातमोज्यात सापडत नाही, हे वर गेल्यावर कळून उपयोग नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये डीआरडीओने स्वदेशी लष्करी पॅराशूट प्रणालीची ३२,००० फुटांवरून झालेली यशस्वी उडी जाहीर केली. आपल्याकडे असं काम होतं आहे याचा आनंद आहे. त्याच वर्षी आग्र्यात हवाई दलाच्या ‘आकाशगंगा’ पथकाचे अनुभवी प्रशिक्षक उडीत गेले, हेही सोबत लक्षात ठेवायला हवं.

दुसऱ्याच्या हातचं

नवा संच सहा-आठ लाखांच्या घरात जातो, त्यामुळे मराठी घरातला मुलगा परदेशी शिकायला जाऊन या खेळात शिरला की पहिल्यांदा वापरलेला संच शोधतो. त्यात गैर काही नाही. फक्त रंगावर भुलू नये. कापड कोणतं, हे पहिलं. जुन्या प्रकारचं विनालेप नायलॉन उड्या वाढतील तसं हवा गाळू लागतं आणि उतरताना पंखात जोर राहत नाही. सिलिकॉनचा लेप दिलेलं कापड जास्त टिकतं, पण निसरडं असल्याने घडी घालताना नवशिक्याला रडवतं. मग दोऱ्या. डॅक्रॉनच्या जाड असतात, ताणतात, झटका सौम्य लागतो. स्पेक्ट्राच्या बारीक असतात, पण उघडताना दोऱ्यांवरून घसरणाऱ्या कापडी स्लायडरच्या घर्षणाने तापून आक्रसतात. कडेच्या दोऱ्या मधल्यांपेक्षा जास्त आक्रसल्या की पंखाचा तोल बिघडतो, तो एकीकडे ओढू लागतो. हे डोळ्यांना दिसत नाही. दोऱ्या ताणून मोजाव्या लागतात. एएडीला ठरलेलं आयुष्य असतं. हल्लीच्या सायप्रसला साडेपंधरा वर्षं. संच स्वस्त मिळाला आणि डबीची दोन वर्षं उरली असतील, तर तो स्वस्त नाही.

मुख्य म्हणजे खांदे आणि मांड्या. संच ज्याच्या मापाने शिवला त्याच्यापेक्षा तुम्ही लहान असाल तर राखीव उघडताना पट्टे सरकतात आणि मुठी नेहमीच्या जागी राहत नाहीत. म्हणून पैसे देण्याआधी संच रिगरकडे, म्हणजे पॅराशूट तपासून घडी घालणाऱ्या त्या मोहोरवाल्या माणसाकडे न्यायचा, विकणाऱ्याच्या ओळखीच्या रिगरकडे नव्हे, आपल्या. एवढं होऊनही ऊन त्याला खाणारच. नायलॉनचा खरा वैरी सूर्यप्रकाश. विदर्भातल्या उन्हात गाडीच्या मागच्या काचेखाली संच टाकून जेवायला जाणारा माणूस स्वतःच्याच दोऱ्या जाळत असतो.

टँडेमच्या रांगेत

हे वाचणाऱ्यांतले बहुतेक जण संच विकत घेणार नाहीत. कोणी दुबईला किंवा पट्टायाला, कोणी हरियाणातल्या नारनौलला जाऊन आयुष्यात एकदा टँडेम, म्हणजे प्रशिक्षकाला बांधून घेऊन, उडी मारतील. काही वर्षांपूर्वी लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीतही अशा उड्या होत. इथे साधन तुमचं नसतं, पण प्रश्न विचारण्याचा हक्क तुमचा असतो. राखीवच्या कार्डावरची तारीख दाखवा म्हणावं. एएडी चालू आहे का, विचारावं. टँडेमची डबी १,९०० फुटांवरच काम करते. तुम्हाला प्रशिक्षकाशी जोडणारे चार आकडे असतात, दोन खांद्यांशी आणि दोन कमरेशी. विमानात प्रत्येक आकडा लागल्याचं मोठ्याने सांगा, अशी विनंती करावी. चांगला प्रशिक्षक यावर रागावत नाही, खूश होतो.

पट्टे घट्ट करताना सभ्यतेपोटी गप्प बसू नये. बारीक अंगाच्या बायका, वयस्कर माणसं, गुडघ्यात न वाकणारे आजोबा, यांच्या बाबतीत मांड्यांचे आणि पाठीचे पट्टे खास जपून ओढावे लागतात. ओढणी, लांब मंगळसूत्र, कानातलं खाली ठेवावं. लेस अडकवायला आकडे असलेले बूट नकोत. दोरी त्यातच गुंतते. उतरताना पाय उचलायचे, आणि ते उचलता येतात का हे जमिनीवर एकदा करून बघायचं. वारा आहे म्हणून तीन तास बसवून ठेवलं तर चिडू नये. तीन तास बसवून ठेवणाऱ्या तळावर परत जावं.

महाराष्ट्रात धावपट्ट्या आहेत. अकोल्याची शिवणी, धुळ्याची. २०२२ च्या नोव्हेंबरात नागपूरला हवाई दलाच्या कार्यक्रमात ‘आकाशगंगा’चे जवान उतरले तेव्हा लोकांनी केलेली गर्दी बघता उत्साहही आहे. पण कोणी इथे कायमचा तळ काढायला निघाला तर मी त्याला विमानाबद्दल नंतर विचारेन. आधी विचारेन, तुमचा रिगर कोण, त्याची खोली कुठे, आणि ती थंड, कोरडी, अंधारी आहे का.

न मारलेली उडी

दारात बसल्यावर नको वाटलं तर नाही म्हणता येतं. टँडेमच्या प्रवाशालाही, हजार उड्या झालेल्यालाही. ढग आडवे आले, खालचा वारा वाढल्याचा निरोप आला, मूठ जागेवर नाही असं वाटलं, किंवा नुसतं मन घेत नाही, कारण काहीही चालतं. पैसे बुडू शकतात. चांगल्या तळावर त्यावरून कोणी बोलत नाही.

मात्र विमानातून परत खाली येण्याचीही रीत आहे. वैमानिकाला लगेच सांगायचं, कारण सगळे उतरले या समजुतीने तो विमान वेगाने खाली घालतो. विद्यार्थ्याच्या संचातली एएडी सेकंदाला १३ मीटरच्या वेगालाच पडणं समजते, आणि विमान त्याहून वेगाने सहज उतरू शकतं. तसं झालं तर ती डबी विमानातच राखीव कप्पा उघडेल, आणि दार उघडं असेल तर ते कापड बाहेर जाऊन माणसाला ओढून नेईल. म्हणून आधी दार बंद करायचं, मग कमरेचा पट्टा लावायचा, राखीवच्या मुठीवर हात ठेवायचा आणि वैमानिकाला सावकाश उतरायला सांगायचं.